मागचा आवाज

विट्यात दुपारी शांतता मिळत नाही.
आमच्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून
म्हेत्रेकाकांचे चोवीस माग,
खटॅक्-फटॅक्, खटॅक्-फटॅक्,
सकाळी आठपासून दिवे लागेपर्यंत, आणि पुढंही.

म्हणून आमचं शूटिंग वीज जाण्यावर.
सोमवारी वीज गेली की मी शटर अर्धं ओढते,
मोबाईल शेंगतेलाच्या डब्याला टेकवते.
बाबा हात धुऊन येतात, जेवायला बसल्यासारखे.
चेहरा नको, पहिल्याच दिवशी म्हणाले,
"गिऱ्हाईक मशीन घिऊन येतं, माझं थोबाड बघाय न्हाय."
म्हणून नुसते हात.
डाव्या अंगठ्यातून सुई आरपार गेल्याची खूण,
ती मात्र दर व्हिडिओत येते.

पुण्याचा आतेभाऊ श्रीनाथ म्हणाला,
"पहिल्या तीन सेकंदांत माणूस पळून जातो.
लाल बाण लाव. चुका मोजून सांग. थोडं दचकव."
चष्मा कपाळावरच आहे हे आठवायला
बाबांना तीन मिनिटं लागतात.
आणि दचकवायचं कुणाला?
टाका सुटतोय म्हणून आधीच रडकुंडीला आलेल्या बाईला?

शटल कशी काढायची : अकरा जणांनी पाहिलं.
त्यातली चार वेळा मी, दोनदा आई.
तेल कुठं घालायचं नाही : एकोणीस.
खालचा धागा गोळा का होतो :
याच्यावर तर मी रात्री बसून दीड पान लिहिलं,
बाबांचं बोलणं जसंच्या तसं,
"धाग्याला ताण पायजे, पण बोटाला कळंल येवढाच.
पदर धरून पोरगं चालतंय, तेवढा."
समोरचे निवृत्त गुरुजी म्हणाले,
झकास लिहिलंय, पण वाचणार कोण?

सव्वीस.

मग एका सोमवारी वीज मध्येच आली.
बाबांच्या हातात चकती, ओठांत स्क्रू,
आणि भिंतीपलीकडं एकेक माग जागा होत गेला.
पुन्हा घेऊ म्हटलं.
स्क्रू तोंडातून काढून म्हणाले,
"उगं दोनदा उघडू नये. आटे मरत्यात."
तसाच टाकला. निम्मं बोलणं बुडालेलं.

चौथ्या दिवशी त्रिशूरहून फोन.
"ताई, तुमच्या मागं माग हाय का?"
रतन धनवडे, माहेर भाळवणी,
नवरा गलाईत, एकवीस वर्षं सोनं आटवतोय.
मशीन कसलं बिघडलंय विचारलं तर म्हणाली,
मशीन बरं हाय. भाकरी थापताना लावून ठेवते नुसतं.
बापाचे दोन माग होते आमच्या. विकले.
मग जरा थांबून,
"ते टाक्याचं पण कळलं हो, ताणाचं."

तिनं पाठवलं मदुराईच्या नणंदेला,
नणंदेनं गुवाहाटीच्या भावजयीला.
जिथं जिथं खानापूर तालुक्याची भट्टी,
तिथं तिथं बाबांचा अंगठा पोचला.
आधीची दीड पानंही लोकांनी मागं जाऊन वाचली.
मे महिन्यात जत्रेला माणसं गावी आली ती
रुमालात शटल बांधून,
डब्यात बॉबिन केस घालून.
एकजण तर नुसतं चाक काखेत मारून गुवाहाटीहून.
बाबा रात्री अकरापर्यंत दुकानात.
म्हेत्रेकाकांनी चहा पाठवला, वर निरोप,
"आवाज माझा, गल्ला तुझा?"

आता वीज असतानाच शूटिंग करतो.
बाबा ओरडून बोलतात, त्यांना ते आवडत नाही.
मी खाली सगळं लिहून काढते,
म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्यानं वाचावं.

काल काका स्वतः आले, बसले नाहीत.
बारा माग काढतायत. भंगारवाला गुरुवारी येणार.
किलोचा भाव सांगितला
आणि बाबांच्या मशीनवरचा धागा उगाच ओढून बघितला.

आज बुधवार.
उघडलेलं मशीन बाबांनी फडक्यानं झाकलं.
"आज हात नकोत," म्हणाले,
"डबा भितीकडं फिरव."

फिरवला.
बॅटरी नऊ टक्के.